फेसलेली मोहरी, ब्रोकोली, हळद: वनस्पतींतले अँटिऑक्सिडंट जनुकांवर नेमकं कसं काम करतात?

जीवरस:

नमस्कार. आहारशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी टिपण करायचं आहे, आणि एका जागी अडलं आहे. पाठ्यपुस्तकांत अजून तेच चित्र असतं: फ्री रॅडिकल (इलेक्ट्रॉन कमी पडलेला, पेशीला इजा करणारा रेणू) येतो, अँटिऑक्सिडंट त्याला इलेक्ट्रॉन देऊन गप्प करतो, पेशी वाचते. शोधनिबंधांत मात्र सगळी चर्चा एनआरएफ-२ आणि कीप-१ या प्रथिनांची, म्हणजे जनुकं चालू-बंद होण्याची. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा?

दुसरं असं की, हा परिणाम ताटातल्या अन्नाने खरंच होतो का? होत असेल तर कुठल्या भाजीने, किती खाल्ल्यावर आणि कशी शिजवल्यावर? 'भरपूर फळं-भाज्या खा' यापलीकडचं उत्तर हवं आहे. तिसरं, वर्गातल्या दोघांना पेशींवर छोटा प्रयोग करायचा आहे. त्यात नेहमी कुठे चुकतं, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

सिस्टीन१५१:

मेळ घालायला आधी आकडे शेजारी-शेजारी ठेवा. पेशीच्या आत ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, १ ते १० मिलिमोलर असतं (१ मिलिमोलर म्हणजे १००० मायक्रोमोलर). रक्तात युरिक अॅसिड २०० ते ४०० मायक्रोमोलर, क जीवनसत्त्व ५०च्या आसपास. चहा, कांदा, जांभूळ यांतली पॉलिफेनॉल पोटभर खाऊनही रक्तात मूळ रूपात बहुतेक वेळा १ मायक्रोमोलरच्या खालीच राहतात. एवढ्या गर्दीत एक मायक्रोमोलर पाहुणा थेट किती रॅडिकल टिपणार? म्हणून 'रॅडिकल शोषणारा स्पंज' हे चित्र परीक्षानळीत खरं असलं तरी शरीरात ते फारसं लागू पडत नाही. खाद्यपदार्थांच्या ओरॅक आकड्यांचा (परीक्षानळीत रॅडिकल टिपण्याची ताकद सांगणाऱ्या आकड्यांचा) जो तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने संकेतस्थळावर ठेवला होता, तो त्यांनी २०१२मध्ये याच कारणाने काढून टाकला. टिपणात ओरॅकचे आकडे असतील तर सरळ गाळा.

आता दुसरी वाट. एनआरएफ-२ हे जनुकांना चालना देणारं प्रथिन. पेशी ते सतत बनवत असते आणि सतत मोडतही असते. पेशीद्रवात कीप-१ त्याला धरून ठेवतं, कल-३ नावाच्या प्रथिनाच्या मदतीने त्याच्यावर युबिक्विटिनचे, म्हणजे 'हे मोडा' असं सांगणारे, शिक्के मारवतं आणि प्रोटिअसोम या पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात त्याचा चुरा होतो. शांत पेशीत एनआरएफ-२चं अर्धायुष्य जेमतेम १५-२० मिनिटं. एवढी उधळपट्टी कशाला, असं वाटेल. पण त्यामुळेच धोक्याची चाहूल लागताच नवं प्रथिन बनण्याची वाट पाहावी लागत नाही. फक्त मोडणं थांबवलं की पुरे.

ती चाहूल घेतात कीप-१वरचे सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली अमिनो आम्लं. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे आयसोथायोसायनेट. त्याच्या मधल्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची ओढ असते. तो प्रामुख्याने १५१ क्रमांकाच्या सिस्टीनला चिकटतो आणि कीप-१ची पकड बिघडते. मग नव्याने बनणारं एनआरएफ-२ मोडलं न जाता साठतं, केंद्रकात जातं, लहान माफ प्रथिनाशी जोडी करतं आणि डीएनएवरच्या 'अँटिऑक्सिडंट प्रतिसाद घटक' या छोट्या क्रमावर बसतं. या क्रमाचा गाभा टीजीएसी, मग कुठलीही तीन अक्षरं, मग जीसी असा वाचायचा. हा क्रम ज्यांच्या दारात आहे ती जनुकं एकदम कामाला लागतात: एनक्यूओ-१, हीम ऑक्सिजनेज-१, ग्लुटाथायोन बनवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) दोन्ही भाग, थायोरिडॉक्सिन रिडक्टेज, आणि विषारी रेणूंना ग्लुटाथायोन जोडून बाहेर काढायला मदत करणारी अनेक ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज. ही सगळी पेशीच्या बचावाची विकरं.

टिपणात ठळक लिहावं असं एक: सल्फोराफेन स्वतः रॅडिकल टिपत नाही. पेशीच्या नजरेत ते सौम्य विष आहे, आणि त्या विषाला मिळालेलं उत्तर हाच त्याचा फायदा. झाडाने ते अळ्यांना पळवण्यासाठी बनवलेलं असतं. सल्फोराफेन रक्तातून काही तासांत निघून जातं. बनलेली विकरं मात्र दिवसभराहून जास्त टिकतात. हा वेळेचा फरक ध्यानात आला की रोज, दिवसातून तीनदा घ्यायची गरज का नाही तेही कळतं.

इतिहासाची ओळ हवी असेल तर: १९९२मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल टॅलाले आणि सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं केलं. जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटाने १९९७मध्ये एनआरएफ-२ नसलेल्या उंदरांत ही विकरं नीट वाढत नाहीत हे दाखवलं आणि १९९९मध्ये कीप-१ शोधून काढलं.

पाटा_वरवंटा:

ताटातल्या बाजूचं लिहितो, कारण इथे सगळा खेळ चिरण्याचा आणि आचेचा आहे.

ब्रोकोलीत तयार सल्फोराफेन जवळजवळ नसतंच. असतं ते ग्लुकोराफॅनिन, आणि पेशीच्या वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज हे विकर. भाजी चिरली, चावली की कप्पे फुटतात, दोन्ही भेटतात आणि सल्फोराफेन बनतं. फेसलेल्या मोहरीचा नाकात बसणारा झणका तो हाच. तिथे सिनिग्रिनपासून अॅलिल आयसोथायोसायनेट बनतं, एवढाच फरक. अख्खी मोहरी हुंगा, वास नाही. पाण्यासोबत फेसा, डोळ्यांत पाणी.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, ब्रोकोलीत एक चोरटं प्रथिन असतं, एपिथायोस्पेसिफायर. ते असलं की बराच माल सल्फोराफेनऐवजी नायट्राइलकडे वळतो, आणि नायट्राइल जनुकांच्या दृष्टीने निकामी. म्हणून कच्ची ब्रोकोली सर्वांत उत्तम हा समज पूर्ण खरा नाही. हे प्रथिन मायरोसिनेजपेक्षा लवकर आच खातं. तुरे ६० अंश सेल्सिअसला ५ ते १० मिनिटं ठेवले तर चोर मरतो, विकर वाचतं आणि सल्फोराफेन कच्च्यापेक्षा वाढतं. ७० अंशांवर विकरही जायला लागतं. घरी थर्मामीटर कोण लावणार? व्यवहारात चाळणीवर दोन-तीन मिनिटं वाफ द्यायची, रंग उजळ हिरवा झाला की लगेच खाली. देठ दाताखाली कुरकुरीत लागला पाहिजे. कुकरची शिट्टी झाली की विकर संपलं. पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर ग्लुकोराफॅनिनसुद्धा पाण्याबरोबर मोरीत.

दुसरा, गोठवलेली ब्रोकोली. कारखान्यात गोठवण्याआधी ती गरम पाण्यातून काढतात, त्यात मायरोसिनेज मरतं. घरी कितीही चिरा आणि थांबा, काही बनत नाही. उपाय सोपा आहे: विकर बाहेरून द्या. प्रयोगात अशा ब्रोकोलीत तिच्या वजनाच्या फक्त ०.२५ टक्के मुळा मिसळला तरी सल्फोराफेन पुन्हा बनू लागलं. म्हणजे पाव किलो भाजीला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त किसलेला कच्चा मुळा.

तिसरा घोटाळा आपल्या सवयीतला. फोडणीत मोहरी तडतडली की मायरोसिनेज तेलातच संपतं. चव येते, विकर येत नाही. मोहरीचं मायरोसिनेज ब्रोकोलीतल्यापेक्षा आच जास्त सोसतं, पण कडकडीत तेल त्यालाही झेपत नाही. म्हणून मोहरीची पूड शिजलेल्या भाजीवर, आच बंद करून, हाताला सोसेल इतकी गरम असताना घालायची. माणसांवरच्या एका चाचणीत २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीसोबत १ ग्रॅम मोहरीपूड दिली, तर सल्फोराफेनपासून शरीरात बनून लघवीतून बाहेर पडणारा पदार्थ चौपटीहून जास्त निघाला. १ ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा. पूड भाजलेल्या मोहरीची नको.

फेसताना पाणी गार घ्या. उकळतं पाणी घातलं की झणका येत नाही, नुसता कडवटपणा उरतो. लिंबू किंवा दही आधी घालू नका. फार आंबटपणात विकर मंदावतं. मोहरी गार पाण्यात फेसून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग कोशिंबिरीत कालवा. लोणच्यात मोहरीची डाळ घालताना फोडणी पूर्ण गार करून ओततात. चवीसाठी रुळलेल्या त्या रीतीने विकरही वाचतं.

ब्रोकोली महाग पडते किंवा मिळत नाही, तर याच कुळातल्या भाज्या आहेत. मुळा आणि डिंगऱ्या, कोबी, नवलकोल, फ्लॉवर, मोहरीचा पाला, अळीव, आणि कुळ वेगळं असलं तरी रसायन तेच असलेला शेवगा. प्रत्येकाचं ग्लुकोसिनोलेट, म्हणजे ग्लुकोराफॅनिनसारखा मूळ रेणू, वेगळं: अळिवातून बेंझिल आयसोथायोसायनेट मिळतं, शेवग्यातून मोरिंजिन. एनआरएफ-२ला हलवण्याची त्यांची ताकद सारखी नाही आणि माणसांवरचा अभ्यास ब्रोकोलीवरच सर्वांत जास्त झाला आहे. म्हणून 'शेवगा म्हणजे आपली ब्रोकोली' असं टिपणात लिहू नका. 'त्याच जातीचं रसायन' इतकंच लिहा.

कोंबांबद्दल: तीन दिवसांच्या ब्रोकोलीच्या कोंबांत वजनाच्या मानाने मोठ्या गड्ड्याच्या १० ते १०० पट ग्लुकोराफॅनिन सापडलं होतं, १९९७मध्ये. पण कोंब उबेत आणि ओलाव्यात वाढतात, आणि तीच हवा साल्मोनेला आणि ई. कोलाय यांनाही मानवते. बी खाण्यासाठीचंच घ्या, शेतीचं औषध लावलेलं नको. दिवसातून दोन-तीनदा धुऊन निथळा, तयार झाले की फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. गरोदर बाई, लहान मूल, प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण यांना कच्चे कोंब देऊच नयेत.

जीवरस:

फार मोलाचं. दोन्ही प्रतिसाद वर्गात जसेच्या तसे वापरण्यासारखे आहेत. आता साहजिक पुढचा प्रश्न: हळद आणि कोकम? कोकमातलं गार्सिनॉल हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेलं असतं त्या प्रथिनांवर, काम करतं असं वाचलं. मग सोलकढीला 'एपिजेनेटिक पेय' (डीएनएचा क्रम न बदलता जनुकांचं काम बदलणारं) म्हणता येईल का? आणि ब्रोकोलीच्या बाबतीत तरी रक्तातली मात्रा प्रयोगातल्या मात्रेइतकी भरते का?

सिस्टीन१५१:

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तो आधी घेतो. कोंबांतून २०० मायक्रोमोल आयसोथायोसायनेट दिल्यावर तासाभरात रक्तात १ ते २ मायक्रोमोलरपर्यंत मात्रा पोचते. पेशींवरच्या प्रयोगात १ ते ५ मायक्रोमोलर वापरतात. म्हणजे दोन्ही एकाच पट्ट्यात आहेत. वनस्पतीतल्या फार थोड्या रेणूंना हे साधतं. शिवाय पेशीत शिरल्यावर ते ग्लुटाथायोनला चिकटून आत साठतं, तेव्हा पेशीतलं प्रमाण रक्तापेक्षा बरंच जास्त होतं.

माणसांतला पुरावा म्हणून चीनमधल्या चिदोंगची चाचणी सांगा. हवा-प्रदूषण जास्त असलेल्या त्या भागात २९१ जणांवर १२ आठवडे अभ्यास झाला. एका गटाला रोज ६०० मायक्रोमोल ग्लुकोराफॅनिन आणि ४० मायक्रोमोल सल्फोराफेन असलेलं कोंबांचं पेय, दुसऱ्याला बिनकोंबांचं. पहिल्या गटात बेंझिन शरीराबाहेर टाकण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांनी आणि अॅक्रोलिनचं २३ टक्क्यांनी वाढलं. निकाल २०१४मध्ये आले. ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज वाढल्यावर जे घडायला हवं तेच हे. पण त्यातून रोग कमी झाला असं ती चाचणी सांगत नाही. ती मर्यादा लिहाच.

हळदीचा हिशेब वेगळा. हळदीत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास. भाजीत अर्धा चमचा, दीड ग्रॅम हळद धरली तर ४५ मिलिग्रॅम, तेही चार माणसांत. रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन दिलेल्या रुग्णांच्या रक्तात ते सुमारे ११ नॅनोमोलर आढळलं. आणि पेशींवर काम दाखवणारे बहुसंख्य निबंध १० ते २० मायक्रोमोलर वापरतात. हजारपटीचं अंतर आहे हे. कारण आतड्यात आणि यकृतात त्याला ताबडतोब ग्लुकुरोनाइड हा बाहेर टाकण्यासाठीचा गट जोडला जातो. शिवाय रक्ताइतक्या पीएचच्या पाण्यात, सीरम (रक्तद्रव) नसेल तर, ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात तुटतं. आतड्याच्या अस्तरावर मात्र ते भरपूर पोचतं. त्यामुळे हळदीचा परिणाम शोधायचाच असेल तर आतड्याच्या पेशींत शोधावा, मेंदूत किंवा सांध्यात तो गृहीत धरू नये.

काळी मिरी घालण्याचा सल्ला १९९८च्या अभ्यासातून आला. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर रक्तातली उपलब्धता २० पट वाढली. पण पायपरीन हे साधतं ते शरीराची औषधं निकामी करणारी यंत्रणा थोपवून. फेनिटॉइन या फेफऱ्यावरच्या औषधासारख्या औषधांचं प्रमाणही त्याने रक्तात वाढतं. वरणातल्या मिरीने काही होत नाही, गोळीतल्या अर्काने होऊ शकतं. पायपरीन घातलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोकम: गार्सिनॉलचं काम २००४मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपस कुंडू यांच्या गटाने दाखवलं. हिस्टोनवर अॅसिटिल गट चढवणारी पी-३०० आणि पीकॅफ ही विकरं गार्सिनॉल काही मायक्रोमोलरला रोखतं. अॅसिटिल गट कमी झाले की डीएनए घट्ट गुंडाळलेलं राहतं आणि जनुकं वाचली जाणं मंदावतं. काम पक्कं आहे. पण गार्सिनॉल पिवळं आणि तेलात विरघळणारं. पाण्यात ते फारसं उतरत नाही. आगळाचा लाल रंग अँथोसायनिनचा आणि आंबटपणा हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. म्हणून सोलकढीला ते विशेषण देऊ नका. नारळाच्या दुधातल्या स्निग्धांशात थोडं गार्सिनॉल उतरत असेलही, पण माणसाच्या पेशीत हिस्टोनपर्यंत पोचण्याइतकं उतरतं असं म्हणायला आधार लागेल.

एपिजेनेटिक बाजूचं माणसातलं उदाहरण हवं असेल तर ब्रोकोलीकडेच परत या. ६८ ग्रॅम कोंब एकदा खाल्ल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशींत हिस्टोन डीअॅसिटिलेज, म्हणजे अॅसिटिल गट काढणाऱ्या, विकराचं काम ३ ते ६ तासांसाठी घटलं, नंतर पूर्ववत झालं. जनुकावर कायमचा ठसा वगैरे काही नाही.

मायक्रोपिपेट:

प्रयोगाबद्दल. सर्वांत मोठी चूक पेशी निवडण्यात होते. फुप्फुसाच्या ए-५४९ पेशी सगळीकडे मिळतात म्हणून घेतात, पण त्यांच्यात कीप-१ मुळातच बिघडलेलं असतं. एनआरएफ-२ कायम चढलेलं, वर काही घाला, एनक्यूओ-१ हलत नाही, आणि मुलं 'सल्फोराफेनचा परिणाम नाही' असं लिहून मोकळी होतात. स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशींत एनक्यूओ-१ प्रथिन जवळजवळ नसतंच. यकृताच्या हेप-जी-२ पेशी घ्या.

सल्फोराफेनच्या मात्रा ०, १, २.५, ५ मायक्रोमोलर. डीएमएसओ (ते विरघळवायचं द्रावक) सगळ्या खान्यांत सारखं, ०.१ टक्का, शून्य मात्रेच्या खान्यातही. सल्फोराफेनच्या मूळ द्रावणाचे छोटे वाटे करून उणे २० अंशांना ठेवा, पुन्हा-पुन्हा वितळवू नका. एनआरएफ-२ प्रथिन पाहायचं तर २ ते ४ तासांनी, आरएनए ६ तासांनी, एनक्यूओ-१चं विकरकाम २४ ते ४८ तासांनी. सगळं २४ तासांनी मोजलं तर एनआरएफ-२ खाली उतरलेलं दिसतं आणि गोंधळ उडतो. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत) एनआरएफ-२ हिशेबाने ६६ किलोडाल्टनला यायला हवं, पण प्रत्यक्षात ते ९५ ते ११० दरम्यान दिसतं. ६० च्या आसपासचा जाड पट्टा बहुधा भलत्याच प्रथिनाचा असतो. प्रकाशित निबंधांतही ही चूक सापडते.

जिवंत पेशी मोजायला एमटीटी ही रंगबदलाची चाचणी वापरू नका. पॉलिफेनॉल स्वतःच तो रंग पालटवतात, मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. ट्रिपॅन ब्लू किंवा क्रिस्टल व्हायोलेट चालेल. हळदीसाठी डीसीएफ ही चमक मोजून ऑक्सिडीभवन दाखवणारी चाचणीही टाळा, कर्क्युमिन स्वतः चमकतं. चहाचा अर्क घेतला तर एका खान्यात कॅटॅलेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं विकर) घालाच. चहातलं ईजीसीजी हे पॉलिफेनॉल माध्यमातच ऑक्सिडीभवन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. कॅटॅलेजने परिणाम नाहीसा झाला तर तो पेरॉक्साइडचा होता, चहाचा नाही.

एक सापळा अनुभवी लोकांनाही फसवतो. एन-अॅसिटिल सिस्टीन घातल्यावर सल्फोराफेनचा परिणाम थांबला, म्हणून तो रॅडिकलांमुळे होता असा निष्कर्ष काढतात. खरं तर एन-अॅसिटिल सिस्टीनमधला गंधक सल्फोराफेनला पेशीबाहेरच पकडतो, ते आत जातच नाही. एनआरएफ-२चा सहभाग सिद्ध करायचा तर एसआय-आरएनए या जनुक गप्प करणाऱ्या छोट्या रेणूने ते जनुक दाबून दाखवा. आणि डीपीपीएच, म्हणजे परीक्षानळीत रॅडिकल टिपणं मोजणारी, चाचणी केली असेल तर ती वेगळ्या प्रकरणात ठेवा. ती बाटलीतलं रसायन सांगते, जनुकाबद्दल एक अक्षर नाही.

सिस्टीन१५१:

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. एक भर, आणि ही टिपणात कृपा करून गाळू नका. ए-५४९मध्ये कीप-१ बिघडलेलं असणं हा अपघात नाही. फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत हे जनुक मोडलेलं सापडतं, कारण कायम चढलेलं एनआरएफ-२ गाठीलाच केमोथेरपीपासून वाचवतं. जे कवच निरोगी पेशीला मिळतं तेच रोगट पेशीलाही मिळतं. म्हणून केमो किंवा रेडिएशन चालू असलेल्या माणसाने सल्फोराफेन, कर्क्युमिन, ईजीसीजी यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणातल्या भाजीला ही भीती नाही.

फिनलंडमधल्या २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता, १९९४ची गोष्ट. हिरव्या चहाच्या अर्काबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये सांगितलं की, गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरं रक्तात वाढतात. एनआरएफ-२ चढवणारं बार्डोक्सोलोन हे औषध मूत्रपिंडाच्या रुग्णांवर तपासताना हृदय निकामी होण्याची प्रकरणं वाढली आणि २०१२मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. त्याच वाटेने काम करणारं डायमिथिल फ्युमरेट २०१३पासून मल्टिपल स्क्लेरोसिसवर अमेरिकेत मान्य आहे. म्हणजे ही कळ खरी आहे, आणि खरी आहे म्हणूनच तिला मात्रा लागते.

पाटा_वरवंटा:

रुग्णांसाठीच्या सूचनांत आणखी दोन ओळी टाका. वॉरफरिन घेणाऱ्यांनी ब्रोकोली, शेवग्याचा पाला, मोहरीचा पाला बंद करायचा नसतो. आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं, कारण या पाल्यांतलं के जीवनसत्त्व कमी-जास्त झालं की रक्त गोठण्याची तपासणी हलते. आणि थायरॉइड मंद असेल तर कोबी-मुळ्याचा कच्चा रस रोज पेलाभर नको. आयोडीनयुक्त मीठ वापरून शिजवलेली भाजी चालते.

बाकी वर्गात दाखवायला एक सोपं प्रात्यक्षिक आहे. तीन वाट्यांत एकेक चमचा मोहरीपूड घ्या. एकीत गार पाणी, दुसरीत उकळतं पाणी, तिसरीत गार पाणी आणि दोन चमचे व्हिनेगर एकदमच. दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मुलांना एकेक वाटी हुंगायला द्या. मग उकळत्या पाण्याची वाटी पूर्ण गार झाल्यावर तिच्यात चिमूटभर किसलेला कच्चा मुळा ढवळा, आणखी दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हुंगा.